दोन घरांचा उशीर : एका प्रकरणाची नोंद

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका विद्यार्थ्याची आई क्लास सुटल्यावर मागे थांबली. कोल्हापुरात शिवाजी पेठेत मी तबला शिकवतो. पालक थांबले की फी, परीक्षा किंवा सुट्टी यांपैकीच काहीतरी बोलायचं असतं. त्या दिवशी वेगळंच निघालं.

"सर, ह्याचा तबला बंद करालोय मी. राग मानू नका. दिवाळीपासनं एका गेमच्या मागं लागलाय आणि रोज रात्री रडालाय, मला तालच येत नाही म्हणून. मग साडेतीन वर्षं इथं येऊन शिकलाय तरी काय?"

मुलगा दारात चप्पल घालत होता. मान खाली. तेरा वर्षांचा, आठवीतला. नाव लिहीत नाही. 'प्रवेशिका पूर्ण' ही तबल्याची परीक्षा उत्तम गुणांनी झालेला. त्याची लय कशी आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. क्लासमध्ये मी एक परीक्षा घेतो. तीनतालाचा लेहरा, म्हणजे तालात फिरत राहणारी धून, चालू ठेवायचा, मुलानं ठेका धरायचा, आणि मध्येच लेहऱ्याचा आवाज बंद करायचा. दोन आवर्तनं, म्हणजे ३२ मात्रा, नुसत्या मनात मोजून वाजवायच्या. मग आवाज परत चालू केला की सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठं पडते ते बघायचं. दहातली आठ मुलं पुढं तरी पळतात नाहीतर मागं तरी राहतात. हा मुलगा समेवर येतो. दर वेळी.

अशा मुलाला आपल्यात ताल नाही असं वाटायला लागलं होतं, आणि ते त्याला मनापासून पटलं होतं. वैशाखातल्या शिवजयंतीला आमच्याकडं मर्दानी खेळ निघतात, त्यांच्या साथीला हलगी वाजवायला यंदा त्याचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. ते त्यानं जाऊन स्वतःच काढून घेतलं होतं. हे मला आईकडून कळलं, त्याच्याकडून नाही.

मी म्हटलं, वहिनी, एक महिना द्या. गेम बंद करू नका, तबलाही बंद करू नका. उद्यापासून तो गेम घेऊन इथं येऊ दे.

गेम काय आहे

गेमचं नाव जॉमेट्री डॅश. स्वीडनच्या रॉबर्ट टोपाला यांनी तो केला आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आणला. एक चौकोनी ठोकळा आपोआप पुढं पळत असतो. थांबत नाही, वेग आपल्या हातात नाही. आपण फक्त पडद्यावर बोट टेकवायचं, की तो उडी मारतो. समोर काटे, ठोकळे, खड्डे. कुठंही धडकला की संपलं, पुन्हा पहिल्यापासून. मुख्य यादीतल्या बहुतेक लेव्हल दीड मिनिटाच्या आसपासच्या आहेत, पण दीड मिनिट न चुकता खेळायला कुणाला आठवडा लागतो, कुणाला वर्ष.

आपल्या कामाची गोष्ट अशी की प्रत्येक लेव्हल एका गाण्यावर बसवलेली आहे. काटे उगाच कुठंही पेरलेले नाहीत. ठोका पडतो तिथं उडी येते, गाणं चढतं तिथं वाट चढते. स्टिरिओ मॅडनेस या पहिल्या लेव्हलचं गाणं मी मेट्रोनोमशी, म्हणजे ठरल्या वेगानं टिक-टिक करणाऱ्या ॲपशी, जुळवून पाहिलं, मिनिटाला १६० ठोक्यांना बसतं. एका मात्रेला ३७५ मिलिसेकंद. ही द्रुत लय आहे, आणि ती एकसारखी चालते. तबला शिकणाऱ्या पोरासाठी याहून चांगला खेळ मला तरी माहीत नाही, हे मी आईलाही स्पष्ट सांगितलं.

आणखी एक सोय आहे, प्रॅक्टिस मोड. त्यात वाटेवर हिरवे हिरे ठेवत जाता येतं, आणि मेलं की शेवटच्या हिऱ्यापासून सुरुवात होते. पण सेटिंग बदललं नाही तर या मोडमध्ये लेव्हलचं गाणं वाजत नाही, एक वेगळीच शांत धून वाजते. ही बाब पुढं फार महत्त्वाची ठरली.

मुलगा अडला होता टाइम मशीन या आठव्या लेव्हलवर. गाणं वॉटरफ्लेम या नॉर्वेच्या संगीतकाराचं. या लेव्हलमध्ये आरशाचं दार पहिल्यांदा येतं. ठोकळा त्या दारातून गेला की सगळं चित्र उलटं होतं आणि आतापर्यंत डावीकडून उजवीकडं पळणारा ठोकळा उजवीकडून डावीकडं पळायला लागतो. बोटाचं काम तेच, गाणं तेच, फक्त डोळ्याची दिशा फिरते. कोल्हापुरात म्हणतात तसं, खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी.

पहिल्या सात लेव्हल त्यानं एप्रिल ते ऑक्टोबर या काळात पार केल्या होत्या. आठवीवर नोव्हेंबरपासून होता. सर्वाधिक ५८ टक्के वाट पार झाली होती. किती वेळा प्रयत्न केला याचा आकडा गेम स्वतः दाखवतो, तो १,९०० च्या पुढं गेला होता.

पहिले दहा दिवस, आणि माझा चुकीचा अंदाज

पहिल्या संध्याकाळी मी फक्त बघत बसलो. तो पाटावर मांडी घालून बसला, कानात वायरलेस इअरबड घातले, आणि सुरू. मरतो, सुरू, मरतो, सुरू. तोंडानं काही बोलत नव्हता. प्रत्येक वेळी मेल्यावर उजव्या हाताचा अंगठा पँटला पुसायचा.

मला वाटलं, घाई. पोरं गुंततात, श्वास धरतात, मनगट ताठ होतं. तबल्यात हेच होतं आणि त्यावर माझ्याकडं ठरलेलं औषध आहे : हात सैल सोडा, श्वास सोडा, पुन्हा. आठवडाभर मी तेच करून घेतलं. काही फरक पडला नाही. उलट आणखी ३०० प्रयत्न वाया गेले आणि पोराची खात्री पक्की झाली की सरांनी सांगूनसुद्धा जमत नाही म्हणजे खोट आपल्यातच आहे. तो आठवडा मला अजून टोचतो. आधी बघायला हवं होतं, मग औषध.

याच काळात त्याचा चुलतभाऊ एकदा बरोबर आला. वयानं एक वर्ष लहान. तालाशी त्याचा काही संबंध नाही, गणपतीच्या आरतीत टाळ्यासुद्धा वेगळ्याच वाजवतो. त्यानं टाइम मशीन जानेवारीतच पार केली होती. मी विचारलं, कसं जमलं रे?

"नुसतं बघून, सर. आज्जी झोपलेली असती, म्हणून आवाज बंदच असतो माझा."

हे ऐकून आमच्या पोराचा चेहरा आणखी पडला. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही. तालावर बसवलेल्या खेळात तालाचा पोरगा अडतो आणि आवाज बंद करून खेळणारा पार होतो. याचा अर्थ आवाजच याला नडतोय. पण कसा?

वही

दुसऱ्या दिवसापासून मी वही घातली. शंभर पानी, वर रेघा. तो खेळायचा, मी लिहायचो. प्रत्येक मरणाची एक ओळ : किती टक्क्यांवर, काट्याला समोरून धडकला की उडी आधीच मारून काट्यावर उतरला. समोरून धडकला तर बोट उशिरा पडलं. वरून उतरला तर लवकर पडलं. बाकी काही लिहायचं नाही.

४० प्रयत्नांची पहिली दोन पानं माझ्यासमोर आहेत. ३१ वेळा उशिरा. सहा वेळा लवकर. तीन वेळा कळलं नाही.

घाई करणारं पोरगं लवकर मरतं. हे उशिरा मरत होतं, आणि तेही जवळपास एकाच मापानं. चूक दर वेळी एकाच मापाची असेल तर दोष बहुधा हाताचा नसतो. वाद्यात असं झालं तर आपण आधी वाद्य तपासतो.

त्याच वहीत पाचव्या दिवशीची एक ओळ आहे, जिच्याकडं मी लिहिताना लक्ष दिलं नव्हतं. 'बड बंद पडले. फोनवरच आवाज. ७१.' चार्जिंग संपल्यामुळं गाणं फोनच्या स्पीकरवर आलं आणि चार महिन्यांत न गाठलेले ७१ टक्के त्यानं तिसऱ्या प्रयत्नात गाठले. तो म्हणाला, नशीब. मीही हो म्हटलं होतं. त्यानंतर त्यानं घरी जाऊन बड चार्ज केले आणि परत पन्नाशीत येऊन थांबला.

मी वही मिटली आणि विचारलं, हे बड कधी घेतले?

"मामानं दिवाळीला दिले."

सात लेव्हल दिवाळीआधी, स्पीकरवर. आठवी दिवाळीनंतर, बडवर.

मोजणी

मला ध्वनीचं शास्त्र जेवढं येतं ते सूर-तालापुरतं. पण मोजता येतं. फोनवर मेट्रोनोम ६० वर लावला. या ॲपमध्ये टिक वाजते त्याच क्षणी पडदा लखलखतो. स्पीकरवर ठेवला, दोन्ही एकत्र. बड जोडले, एक माझ्या कानात घातला आणि पडद्याकडं बघितलं. आधी उजेड, मग टिक. साध्या कानाला कळत होतं. पोराला दाखवलं, तो फोनकडं बघतच राहिला.

भाचीनं दुसऱ्या फोनवर याचा व्हिडिओ घेतला, बड त्या फोनच्या माइकला चिकटवून. सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे एक चित्र ३३ मिलिसेकंदांचं. व्हिडिओ एकेक चित्र पुढं सरकवत तिनं मोजलं. उजेडानंतर सहाव्या चित्रापाशी टिक यायची, कधी सातव्या. म्हणजे साधारण २०० मिलिसेकंद. स्पीकरवर हाच प्रयोग केला तेव्हा उजेड आणि टिक एकाच चित्रात, फार तर पुढच्या.

असं का होतं ते नंतर समजून घेतलं. ब्लूटूथवर आवाज जसाच्या तसा जात नाही. फोन त्याचे तुकडे करतो, दाबून लहान करतो, रेडिओनं पाठवतो. बड ते उलगडतो, आणि मध्येच तुटू नये म्हणून थोडा साठा हाताशी ठेवूनच वाजवतो. या सगळ्यात १०० ते ३०० मिलिसेकंद जाणं ही ब्लूटूथची नेहमीची गोष्ट आहे. कंपनी कुठलीही असो. सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण व्हिडिओ दाखवणारं ॲप चित्रही तेवढंच मागं धरतं. गेमला तसं करता येत नाही. चित्र मागं धरलं तर बोट टेकवल्यावर ठोकळा उशिरा उडेल, खेळच मोडेल. म्हणून चित्र वेळेवर आणि गाणं मागून.

आता २०० मिलिसेकंद म्हणजे किती? गेमचं मैदान चौकोनी घरांचं आहे, काटा एका घरात बसतो. पडद्याचं रेकॉर्डिंग करून मोजलं तर साध्या वेगात ठोकळा सेकंदाला १० घरांहून किंचित जास्त पळतो. २०० मिलिसेकंदांत दोन घरं. पोरगा ठोका ऐकून बोट टेकवायचा, तोवर ठोकळा दोन घरं पुढं गेलेला असायचा. आणि या खेळात दोन घरं म्हणजे जीव.

लयीच्या भाषेत सांगायचं तर १६० च्या गाण्यात एक मात्रा ३७५ मिलिसेकंदांची. २०० म्हणजे अर्ध्या मात्रेहून जास्त. मी त्याला म्हटलं, तू समेवरच वाजवत होतास लेका, पण तुझ्यापर्यंत सम अर्धी मात्रा मागून पोचत होती.

मग बाकीचंही जुळत गेलं. प्रॅक्टिस मोडमध्ये तो पूर्ण लेव्हल पार करायचा, कारण तिथं लेव्हलचं गाणंच नव्हतं, कान गप्प आणि बोट डोळ्याच्या हुकमात. नॉर्मल मोडमध्ये गाणं सुरू झालं की साडेतीन वर्षं घडवलेला कान बोट ओढून घ्यायचा. डोळा म्हणायचा आत्ता, कान म्हणायचा थांब. आरशाचं दार आल्यावर डोळा गोंधळायचा आणि सगळा भार कानावर यायचा, तिथंच हमखास मरण. चुलतभावाचा कान मुळात खेळातच नव्हता. जो कानावर चालत नाही त्याला कान फसवू शकत नाही.

एक प्रश्न मुलानंच विचारला, आणि चांगला विचारला. "सर, क्लासमध्ये लेहरा ब्लूटूथच्या स्पीकरवरच लावता की. मग तिथं का नाही चुकत मी?" कारण तिथं एकच घड्याळ आहे. लेहरा सगळाच्या सगळा २०० मिलिसेकंद मागून येतो, तू त्याच्याबरोबर वाजवतोस. पडद्यावर काटा नाही, म्हणून उशीर कुणाला दिसतच नाही. घड्याळं दोन झाली की भांडण.

गांधी मैदानावर

आकडे त्याला पटले, पण मनातला सल गेला नव्हता. मला ते त्याच्या डोळ्यांना दाखवायचं होतं.

लहानपणी पंचगंगेच्या घाटावर बसलं की पलीकडच्या काठाला धुणं आपटणारी बाई दिसायची. हात खाली येऊन वर निघालेला असायचा आणि मग 'थप्' ऐकू यायचं. आम्हाला त्याची मोठी मौज वाटायची. तीच गोष्ट इथं कामाला आली.

रविवारी सकाळी सातला आम्ही गांधी मैदानावर गेलो. हलगी वाजवणारा एक जुना विद्यार्थी बरोबर घेतला. त्याला एका टोकाला उभा केला आणि मोजपट्टीनं ७० मीटर मोजून पोराला दुसरीकडं उभं केलं. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, त्या हिशेबानं ७० मीटरला २०० मिलिसेकंदांच्या आसपास. हलगीवाल्याला सांगितलं, काठी डोक्याच्या वर नेऊन एकेक ठोका मार, सावकाश.

काठी पडली. मग आवाज आला.

पोरगं दोन मिनिटं नुसतं बघत होतं. मग मी म्हटलं, आता त्याच्याबरोबर टाळी दे, डोळे मिटून. दिली, अगदी आवाजावर. मी हलगीवाल्याच्या जवळ जाऊन उभा राहिलो आणि पोराच्या हाताकडं बघितलं. टाळी काठीच्या मागं स्पष्ट दिसत होती. परत आलो आणि सांगितलं. तो म्हणाला,

"म्हणजे मी चार महिने गाणं एवढ्या लांबनं ऐकत होतो?"

हो. ७० मीटर लांबून. आणि तेवढ्या लांबून वाजवूनही ५८ टक्के गाठले होतेस.

त्यानं नाक ओढलं, हलगी मागून घेतली आणि तिथंच मैदानावर बराच वेळ वाजवत बसला. मी काही बोललो नाही.

वायर, आणि उलटं झालेलं

महाद्वार रोडला साधा वायरचा इअरफोन दीडशे रुपयांना घेतला. आता सगळं सरळ होईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. पहिल्या दिवशी तो ४० टक्क्यांच्याही पुढं जाईना. आई म्हणाली, सर, हे तर बिघडलं की ओ.

वही उघडली. ४० पैकी २४ वेळा लवकर. म्हणजे चार महिन्यांत बोट काही प्रमाणात सावरायला शिकलं होतं. कानाच्या आधी टेकवायची अर्धवट सवय लागली होती. उशीर काढून टाकला तेव्हा सवय उघडी पडली. हे वाईट लक्षण नव्हतं. चुकीची जात बदलली होती, याचा अर्थ नेम बरोबर ठिकाणी लागला होता. पण पोराला ते समजावणं अवघड गेलं, कारण टक्के खाली आले होते आणि त्या वयात टक्केच दिसतात.

इथून पुढं मी गेम बाजूला ठेवला आणि आपली पद्धत धरली. आपल्याकडं कायदा, म्हणजे तबल्यातली बांधलेली बोलरचना, हातात घेण्याआधी तोंडात घेतात. त्याला पढंत म्हणतात. मी म्हटलं, ही लेव्हलही आपण आधी बोलू.

बोल आम्ही दोघांनी ठरवले. नुसता टप म्हणजे 'ना'. लागोपाठ दोन जलद टप 'तिट'. बोट धरून ठेवायचं तिथं 'धाऽ', जितकं धरायचं तितक्या रेघा. बोट उचलून थांबायचं ते रिकामं, आडवी रेघ. लेव्हलमध्ये ठोकळ्याचं जहाज होतं तिथं बोट दाबलं की वर आणि सोडलं की खाली. त्याला आम्ही बायाचा, म्हणजे डाव्या हाताच्या डग्ग्याचा बोल दिला, 'घेऽ'. कारण काम तेच आहे, मनगटाचा दाब वाढवत न्यायचा आणि अलगद सोडायचा, दणका द्यायचा नाही. हे सांगितल्यावर जहाजाचा भाग दोन दिवसांत सुधारला. महिनाभर तो तिथं दणकेच देत होता.

वहीच्या मधल्या पानावर पेन्सिलनं त्यानं सबंध लेव्हल लिहिली आहे. आठ-आठ मात्रांच्या ओळी, खाली टाळीच्या खुणा. आरशाचं दार येतं तिथं त्यानं लाल रेघ मारली आहे आणि शेजारी लिहिलं आहे, 'इथं डोळे नाही.' ही ओळ मी सांगितलेली नाही.

रोज वीस मिनिटं टाळी देऊन पढंत, मग गाणं लावून पढंत, मग वीस प्रयत्न. एकविसावा नाही, हे आईशी ठरलं होतं आणि त्यानं पाळलं. प्रॅक्टिस मोडमध्ये संगीताचा आवाज शून्यावर आणायचा आणि गाणं स्वतः म्हणायचं. पलीकडच्या खोलीत बसलेल्यांना 'ना ना तिट ना घेऽऽ' ऐकू यायचं. माझी बायको म्हणाली, हा कुठला कायदा काढलाय नवीन?

मार्चमध्ये शाळेच्या परीक्षा आल्या, दोन आठवडे काहीच नाही. परत बसला तेव्हा पहिल्याच दिवशी ७६. जुनी सवय त्या दोन आठवड्यांत पुष्कळशी विरली असावी. तबल्यातही हे मी पाहिलं आहे, चुकीचा हात सुटायला कधी कधी रियाजापेक्षा सुट्टी बरी.

शेवटचे टक्के

त्यानंतर ८८, ९१, ९४. आणि ९४ वर आठ दिवस.

हे वेगळं दुखणं. इथं मात्र माझा पहिला अंदाज लागू पडत होता : श्वास अडकणं, अंगठा ताठ होणं. लेव्हलच्या सुरुवातीचा भाग त्यानं दोन हजार वेळा खेळला होता आणि शेवटचा जेमतेम दहा वेळा. कुठलंही बोट त्यात घाबरणारच. म्हणून शेवट आधी घेतला. प्रॅक्टिस मोडमध्ये शेवटच्या भागाच्या तोंडाशी हिरा ठेवायचा आणि तेवढंच खेळायचं, गाणं म्हणत. मग हिरा थोडा मागं. मग आणखी मागं. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपवायचा तुकडा, बसवताना आपण हेच करतो, समेवरून उलटं मोजत मागं येतो, म्हणजे पुढं जाताना वाट ओळखीची होत जाते.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी, अकराव्या प्रयत्नाला, लेव्हल पार झाली. मी तेव्हा दुसऱ्या मुलाला रेला देत होतो. कोपऱ्यातून ओरडणं नाही, काही नाही. वळून बघितलं तर त्यानं फोन पालथा ठेवला होता आणि वहीत लिहीत होता. तारीख, १००, आणि पुढं एकूण प्रयत्न : २,५४७.

बड त्यानं आईला दिले. ती स्वयंपाक करताना कीर्तन ऐकते, तिथं २०० मिलिसेकंदांनी काही बिघडत नाही.

मिरवणूक

हलगीत नाव परत घातलं. खरं तर इथं प्रकरण संपलं असं मी धरून चाललो होतो.

वैशाखात सरावाला रस्त्यावर उभे राहिले तेव्हा रांग लांब झाली. पुढं कैताळ (मोठ्या झांजा) आणि मोठी हलगी, मध्ये खेळणारी पोरं पट्टा-लाठी घेऊन मोकळ्या जागेत, मागं उरलेल्या हलग्या. पुढच्या आणि मागच्या टोकात पन्नास-साठ मीटर. मागची रांग दर वर्षी ओढते, आणि दर वर्षी मागच्यांना शिव्या बसतात की जरा कान देऊन वाजवा. यंदा तो मागच्या रांगेत होता. दुसऱ्या दिवशी सराव थांबवून तो वस्तादांकडं गेला. मी शेजारीच होतो.

"वस्ताद, आम्ही कान देऊनच वाजवालोय. म्हणूनच मागं पडालोय. तुमचा ठोका आमच्यापर्यंत यायलाच उशीर होतोय."

वस्तादांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग पोरानं ७० मीटरची गोष्ट सांगितली, रस्त्यावर काठी आपटून दाखवली. ठरलं ते असं : मधल्या मोकळ्या जागेच्या कडेला एका उंच पोरानं उभं राहायचं, पुढच्या हलगीची काठी बघून आपला हात वर-खाली करायचा, आणि मागच्या रांगेनं आवाजावर नाही, त्या हातावर वाजवायचं.

शिवजयंतीच्या रात्री मी निवृत्ती चौकात, अर्ध्या शिवाजी पुतळ्यासमोर उभा होतो. मागची रांग वळणावर एकदा फुटली, कारण हात दिसेनासा झाला. वीसेक पावलांत सावरली. तो डावीकडून तिसरा होता, मान उंच करून, नजर त्या हातावर ठेवून वाजवत पुढं गेला.